लाल मिक्स्चरचे डॉक्टर

आमचे डॉक्टर पेशंटला तोंडावर "माहीत नाही" असं सांगत. मी डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन त्यांच्या हाताखाली लागलो, त्या पहिल्याच सकाळी हे ऐकलं आणि मला घाम फुटला. एक म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा होता. "कशानं दुखतंय वो ह्ये?" डॉक्टरांनी त्याला पालथं झोपवलं, वाकवलं, खोलीभर चालवलं आणि मग स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "माहीत नाही, आजोबा. घाबरण्यासारखं काही नाही, एवढं कळतंय. पुढचं बघू या." म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. बाहेर पडताना त्यानं कंपाउंडर अण्णांना हळूच विचारलं, "डागदरास्नीच बरं न्हाय काय?"

कोल्हापुरात त्या काळी डॉक्टर म्हणजे देवाच्या खालोखालचा माणूस. त्यानं नाडीला हात लावायचा, भुवया उंचावायच्या आणि काहीतरी भारदस्त नाव घ्यायचं, मग पेशंट निम्मा बरा होऊनच पायरी उतरायचा. आमच्या डॉक्टरांना हे कधी जमलं नाही, आणि जमत नाही याचं त्यांना दुःखही नव्हतं.

मंगळवार पेठेत त्यांचा दवाखाना होता. रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या, एक लांबलचक बाक, आणि मागं घर. डॉक्टर अंगानं किडकिडीत, आवाज मात्र पैलवानाचा. बारा महिने गळ्याला मफलर. मे महिन्यात मफलर कशाला, असं मी एकदा न राहवून विचारलं. "मफलर काढला तर मला सर्दी होते का, ते अजून तपासून बघितलेलं नाही," ते म्हणाले. ही थट्टा होती की खरंच तसं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खोकल्याचा तर त्यांना नादच होता. कुणी दारात खोकलं की डोळे मिटून ऐकायचे. गवई तंबोरा ऐकतो तसं. "आत येऊ नका, तिथंच उभे राहून पुन्हा एकदा खोका बघू," असं ते भर रस्त्यात उभ्या माणसाला ओरडून सांगत. येणारे-जाणारे थांबून बघत. तो बिचारा लाजेनं खोकला विसरून जाई.

बाकाच्या वर भिंतीवर शाळेतला असतो तसा फळा होता. इतर दवाखान्यांत देवाचा फोटो असायचा तिथं आमच्याकडे दर सोमवारी नवा प्रश्न असायचा. 'कान दुखणारी मुलं कुठल्या भागातून येतात?' 'ताप आलेल्या माणसाला जेवू घालावं का?' पेशंट तो वाचायचे, वाचता न येणाऱ्याला दुसरा कुणीतरी वाचून दाखवायचा, आणि नंबर येईपर्यंत बाकावर जोरदार वाद चालायचा. डॉक्टर आतून कान देऊन ऐकत. मला म्हणत, "मोठ्या हॉस्पिटलात पेशंट पोहोचतो तो चाळणीतून गाळून. आपल्याकडे पीठ, कोंडा, खडे सगळं येतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी फक्त गाळलेलं बघितलंय. मंगळवार पेठेतला खोकला कुणी लिहिलाय? आपणच लिहायला पाहिजे की नाही?"

खरं सांगायचं तर मी तिथं खोकला लिहायला आलो नव्हतो. मी हातकणंगल्याचा. वडील रेल्वेत खलाशी, आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला डॉक्टर मी. रोज सकाळच्या गाडीनं यायचं आणि संध्याकाळी परतायचं. पगार बेताचा. पण डॉक्टरांनी एक शब्द दिला होता: स्वतःचा दवाखाना टाकशील त्या दिवशी लाल मिक्स्चर कसं करायचं ते तुला सांगेन.

हे लाल मिक्स्चर म्हणजे या दवाखान्याचं खरं दैवत. डॉक्टरांच्या वडिलांनी, तेही डॉक्टरच होते, ते पोरांच्या खोकल्यासाठी बसवलं होतं. थंडीच्या दिवसांत राधानगरीपासून माणसं बाटली घेऊन यायची. अण्णा मोठ्या बरणीतून ओतायचे, बाटलीला डोसाच्या खुणांचा कातरलेला कागद चिकटवायचे आणि ओरडायचे, "हलवून घ्या! न हलवता प्यालासा तर मला इचारायला येऊ नगा!" हे औषध हातात आलं की हातकणंगल्यात माझा दवाखाना पहिल्या महिन्यात चालणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरी तसं सांगूनही ठेवलं होतं.

डॉक्टर महिन्यातून एका रविवारी गावातल्या फॅमिली डॉक्टरांची बैठक भरवत. दवाखान्याच्याच बाकावर. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, कांदाभजी करायच्या आणि डॉक्टर मंडळी बरीचशी त्या भज्यांसाठी यायची. बैठकीचा नियम असा की प्रत्येकानं आपल्याला माहीत नसलेली एक गोष्ट सांगायची. आता चांगली प्रॅक्टिस असलेल्या, गाडी बाळगणाऱ्या माणसाला हे सांगायला लावणं म्हणजे त्याचा शर्ट काढायला लावण्यासारखंच. कुणी म्हणे, "मला टायफॉइडबद्दल तसं सगळं माहीत आहे, पण…" आणि पुढं भज्याचा घास घेई. डॉक्टर म्हणत, "तुमच्या पेशंटवर लक्ष ठेवा, बघा, पुढच्या वेळी येऊन सांगा." पुढच्या वेळी मंडळी येऊन 'अंदाजे' सांगायची. तो शब्द ऐकला की आमचे डॉक्टर कळवळायचे.

एका रविवारी पलीकडच्या चौकातले डॉक्टर वैतागले. मोठी प्रॅक्टिस, गोरे, गुबगुबीत, स्वभावानं मोकळे. ते म्हणाले, "तुम्ही आम्हाला छळता, पण तुमच्या लाल मिक्स्चरचं काय? त्यानं खोकला जातो हे तुम्हाला माहीत आहे?"

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. हातातलं भजं त्यांनी परत ताटलीत ठेवलं आणि म्हणाले, "नाही. माहीत नाही."

काकू दारात उभ्या होत्या. मंडळी गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, त्या लाल बाटलीवर हे घर उभं आहे. तेवढं सोडून दुसरं काहीही तपासा." माझ्याही मनात अगदी तेच होतं, पण बोलायची प्राज्ञा नव्हती. घर त्यांचं होतं, पण दवाखाना माझाही उभा राहायचा होता.

सोमवारी काम सुरू झालं. खोकल्याच्या एका पोराला लाल मिक्स्चर, पुढच्या पोराला आलं घातलेला साखरेचा पिवळा पाक. प्रत्येक आईला डॉक्टर स्वतः सांगत, "दोन औषधं आहेत. कुठलं चांगलं ते मला माहीत नाही. तुमची हरकत नसेल तर यातलं एक देतो. पोराला दम लागला तर मात्र औषधाची वाट बघू नका, तडक इकडं आणा." निम्म्या बायका "बरं" म्हणत, निम्म्या "डागदर, थट्टा करतायसा व्हय?" म्हणत. मग मी सायकलवरून घरोघर जाऊन खोकला कधी थांबला ते विचारायचं.

मी गेलो तर काय, पहिल्याच गल्लीत, पहिल्याच घरी कोनाड्यात दोन बाटल्या शेजारी शेजारी. एक लाल, एक पिवळी.

"ही पिवळी कुठली?" मी विचारलं.

"शेजारणीची. तिच्या पोराला गुण आला, म्हटलं दे की थोडं. मी तिला लाल दिलं."

"मग तुम्ही पोराला कुठलं दिलं?"

"दोनी मिसळून दिलं की. डब्बल गुण यील म्हनून."

असं घरोघर. मी संतापून परत आलो आणि या बायकांना अक्कल नाही वगैरे बोलून मोकळा झालो. डॉक्टर मात्र खुशीत आले. "चूक त्यांची नाही, आपली आहे," ते म्हणाले. "आपण समजलो, औषध घरात जातं. औषध गल्लीत जातं! हे कुठल्याही पुस्तकात नाही. आता एका गल्लीला एकच औषध."

म्हणजे सगळं पहिल्यापासून. काही गल्ल्यांना लाल, काहींना पिवळं. आणि इथं आम्ही कोल्हापूर विसरलो. इथं गल्लीची तालीम वेगळी, गल्लीचा गणपती वेगळा, फुटबॉलचा सामना असला की गल्लीसाठी डोकी फुटतात. पंधरवड्यात 'आमचं पिवळं' आणि 'तुमचं लाल' सुरू झालं. मी पिवळ्या गल्लीत शिरलो की तालमीच्या कट्ट्यावरून आवाज यायचा, "सायेब, लिवा! आमच्या गल्लीत एकाला बी खोकला न्हाय!" आणि त्याच वेळी आतून पडद्यामागं पोर खों खों करत असायचं आणि आई त्याच्या तोंडावर हात दाबून म्हणायची, "गप की, लालवालं जित्तील!"

या वेळी डॉक्टर हसता हसता बाकावरून घसरून खाली बसले. मग अण्णांना बोलावलं. दोन्ही औषधं आता लालच करायची, चवही होईल तितकी जुळवायची. कुठल्या गल्लीला कुठलं द्यायचं ते फक्त अण्णांनी ठरवायचं आणि कुणालाही सांगायचं नाही. मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. अण्णांनी दोन बरण्यांना फडकी गुंडाळली आणि त्या थंडीत ते एखाद्या मंत्र्यासारखे वागले. मी एकदा चहा पाजून विचारून बघितलं. "चा चांगला हाय," ते म्हणाले.

थंडी संपेपर्यंत मी गल्ल्या तुडवल्या. ज्यांच्या घरी मी पूर्वी पाणी मागायलाही बिचकलो असतो, त्या घरांत आता बायका मला पाटावर बसवून पोराच्या रात्रीच्या खोकल्याचं सविस्तर वर्णन ऐकवत होत्या. मला ते काम आवडायला लागलं होतं. निकाल काय लागेल याची धाकधूकही तितकीच वाढली होती.

एका दुपारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मी गल्लीवार वाचत गेलो आणि अण्णा 'खरं' की 'पाक' ते सांगत गेले. शेवटी बेरजा झाल्या. लाल मिक्स्चरवाल्या पोरांचा खोकला जितक्या दिवसांत गेला, तितक्याच दिवसांत साखरेच्या पाकावरच्या पोरांचाही गेला होता. मी बेरजा पुन्हा केल्या. मग डॉक्टरांनी केल्या. फरक नव्हता.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बाबा रात्री जागून उकळायचे रे हे." एवढंच. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त माझं स्वतःचं वाईट वाटलं, हेही खरं.

काकू म्हणाल्या, "हळूच बंद करा. बैठकीत सांगायची काय गरज?"

"हळूच बंद केलं तर ते मला एकट्यालाच कळेल," डॉक्टर म्हणाले. "मग केलं कशाला हे सगळं?"

त्या रविवारी बैठकीला कधी नव्हे एवढी गर्दी झाली. लाल मिक्स्चरचा फॉर्म्युला सांगणार, अशी बातमी फुटली होती. डॉक्टरांनी फळ्यावर आधी तो फॉर्म्युला लिहिला. काय, किती, केव्हा घालायचं, किती उकळायचं, सगळं. सगळ्यांची पेनं भराभर चालली. मला द्यायचं म्हणून जे राखून ठेवलं होतं ते आख्ख्या गावाला फुकट मिळताना मी भिंतीला टेकून बघत होतो. मग त्यांनी निकाल सांगितला. सावकाश, एकेक गल्ली करून. पेनं खिशात गेली होती.

"काही प्रश्न?" डॉक्टरांनी विचारलं.

पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरांनी हात वर केला. "रंग कुठला वापरता?"

पुढच्या थंडीत गावात जिथं तिथं लाल मिक्स्चर मिळू लागलं, एक आमचा दवाखाना सोडून. आया बाटली घेऊन येत, डॉक्टर त्यांना समजावून सांगत की याची गरज नाही, पोराला कोमट पाणी पाजा, आलं-गूळ द्या, दम लागला तर आणा. त्या ऐकून घेत आणि तीच बाटली घेऊन पलीकडच्या चौकात जात. आमचं बाक ओस पडायला लागलं. फळ्यावरच्या प्रश्नावर भांडायला माणसं उरली नाहीत. "आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं दवाखाना रिकामा केला," काकू एकदा म्हणाल्या, आणि मग भाजी निवडत बसल्या. डॉक्टर म्हणायचे, "बरं झालं. आता त्यांच्याकडे मिक्स्चर आहे, आपल्याकडे नाही. तुलना आयतीच मिळाली." मला त्यांचा राग यायचा. असा माणूस आपल्या वाट्याला का आला, असं वाटायचं.

त्यांनी त्या कामाचा इंग्रजीत लेख लिहिला, मी तो टाइप करून आणला आणि एका नावाजलेल्या मासिकाकडे पाठवला. उत्तर आलं: हे संशोधन कोणत्या कॉलेजच्या कोणत्या विभागात झालं ते कळवावं. डॉक्टरांनी उलट टपाली कळवलं, 'विभाग: मंगळवार पेठ.' त्यानंतर काही आलं नाही.

शेवटी मी हातकणंगल्यात स्टेशनाजवळ एक खोली घेऊन पाटी लावली. डॉक्टर सकाळच्या गाडीनं आले. हार, नारळ झाला, आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. पोर खोकत होतं. मी छाती तपासली, साफ होती.

"तुमी त्या कोल्हापूरच्या डागदरांकडं हुतासा न्हवं? मग लाल औषध द्या की," ती म्हणाली.

फॉर्म्युला मला पाठ होता. बरणी भरायला एक संध्याकाळ पुरली असती, आणि आत वडील नवा सदरा घालून बसले होते. पण तो खोकला मी स्वतः घरोघर जाऊन ऐकला होता. मी दुसऱ्या कुणाला फसवू शकलो असतो, स्वतःला कसा फसवणार? मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, पदर सावरला आणि पोराला घेऊन चालती झाली. माझा पहिला पेशंट.

डॉक्टर बाकावरून म्हणाले, "कुठं राहते ते बघून घे. उद्या घरी जा."

"कशाला? औषध तर घेतलंच नाही तिनं."

"म्हणूनच जा. खोकल्याचं पुढं काय झालं?"

मी गेलो. ती बाई दारात मला बघून चक्रावली. "तुमी तर कायबी दिलं न्हाईसा, आनि बघायला मातुर आलासा? बसा." कोनाड्यात लाल बाटली होतीच, एसटीचं तिकीट काढून कोल्हापुरातून आणलेली. पोर खोकत होतं. मी पुन्हा दोन-तीनदा गेलो. पोर खोकतच होतं. मग एके दिवशी ते अंगणात कोंबडीमागं पळत होतं आणि खोकला गेला होता. मी विचारलं, "बाटली संपली?"

"मागंच सांडली की वो, ह्यानंच लाथ मारली. निम्मी बी पोटात गेली न्हाय." ती जरा थांबली. "मग खोकला गेला कशानं? औषधानं, का आपसूक? एसटीचं पैसं उगाच गेलं व्हय माजं?"

मी त्याच दुपारच्या गाडीनं कोल्हापूर गाठलं आणि डॉक्टरांना हे सांगितलं. इतका आनंद झालेला मी त्यांना कधी बघितला नव्हता. "तिला रविवारी घेऊन ये," ते म्हणाले.

"बैठकीला? ती काय करणार तिथं?"

"तेच विचारेल."

बैठकीला तेव्हा चारपाचच डॉक्टर उरले होते. मिक्स्चरचा फॉर्म्युला मिळाल्यावर बाकीच्यांचं काम झालं होतं. पलीकडच्या चौकातले मात्र भज्यांवर लोभ ठेवून यायचे. ती बाई पोराला घेऊन आली, दारात अवघडली, तेव्हा डॉक्टर उठले आणि आपली खुर्ची तिला देऊन स्वतः बाकावर बसले. तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"तुमच्यातलं लाल औषध कोन कोन देतंय?"

मंडळींनी भज्याचा घास घेतला. मग पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरांनी हात वर केला, आणि त्यांचा बघून बाकीच्यांनीही.

"मग न देता कुनी बघितलंय काय? आपसूक जातोय का न्हाय त्यो?" ती रागावली नव्हती. तिला खरंच कळायला हवं होतं. "मला पुन्यांदा एसटीनं यायला लागंल म्हनून इचारतोय, दुसरं काय न्हाय."

मी डॉक्टरांकडे बघायचं टाळलं. या माणसानं बाक रिकामं केलं, बापाचं औषध मोडीत काढलं, काकूंचे शब्द ऐकून घेतले, ते एवढ्या एका प्रश्नासाठी, आणि त्याला तरी आता कुणी खरं उत्तर देतंय का, याचीच मी वाट बघत होतो.

पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरांनी रुमालानं हात पुसले. घसा साफ केला. "मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले. मग आमच्या डॉक्टरांकडे वळून, जरा चाचरतच, "येत्या थंडीत माझ्याकडे करून बघायचं का? तुम्ही केलं तसं?"

डॉक्टर बाकावर पुढं सरकून बसले.

"गल्ल्या किती येतात तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.